नाताळच्या सुट्टीसाठी (आणि भेट द्यायला) कोझी मिस्ट्री सुचवा

शेवगा_मसाला

यंदा नाताळात आमच्याकडे लेस्टरला गोतावळा जमतोय. आई-बाबा ठाण्याहून येताहेत, नणंद तिच्या तेरा वर्षांच्या लेकीला घेऊन डब्लिनहून. ज्यांनी इथला डिसेंबर पाहिलाय त्यांना माहीत आहे, चारच्या सुमाराला अंधार पडतो आणि २५ तारखेला रेल्वे बंद, बसही जवळपास बंदच. म्हणजे खाणं, पत्ते आणि वाचन. प्रत्येकाला एकेक पुस्तक द्यायचं ठरवलंय. रहस्य हवं, पण रात्री जिन्यात दिवा लावून ठेवायला लागेल असं नको.

ज्यांनी हा प्रकार वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कोझी मिस्ट्रीत तपास करणारी व्यक्ती बहुधा पोलिसातली नसते. कुणी म्हातारी, कुणी पुस्तकाच्या दुकानातली, कुणी बेकरीवाली. गाव लहान, सगळे सगळ्यांना ओळखतात. खून होतो तो पडद्याआड. रक्ताची वर्णनं, शिव्या, शय्यागृह यांना मज्जाव. आणि शेवटी गुन्हेगार सापडतोच, ‘व्यवस्थाच सडलेली आहे’ म्हणून लेखक हात झटकून मोकळा होत नाही.

माझी लाडकी अर्थातच अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल. १९३० साली तिची पहिली कादंबरी आली, तीही एका पाद्रीबुवांच्या घरात पडलेल्या मुडद्यावर. तिची पद्धत मला फार आपली वाटते. समोर कुणी बडा माणूस आला की ती लोकर विणता विणता म्हणणार, हे अगदी आमच्या गावच्या त्या मासेवाल्याच्या पोरासारखे दिसतात. आपल्याकडे प्रत्येक घरात अशी एक आत्या असते, फक्त तिला स्कॉटलंड यार्डातून कुणी विचारायला येत नाही.

एक मात्र आधीच सांगते, म्हणजे तेच कुणी सुचवायला नको. नावात ख्रिसमस आहे म्हणून ख्रिस्तीच्याच दुसऱ्या डिटेक्टिव्हची, पॉयरोची, १९३८ची ख्रिसमसवाली कादंबरी भेट देऊ नका! ख्रिस्तीबाईंच्या बहिणीचे यजमान जेम्स यांनी तक्रार केली होती की तुझे खून हल्ली फार नाजूक आणि फिके व्हायला लागलेत, जरा भरपूर रक्त असलेला खून येऊ दे. बाईंनी ती मागणी पुरवली आणि पुस्तक त्यांनाच अर्पण केलं. पुस्तक फर्मास आहे. पण मुखपृष्ठावरचा बर्फ आणि हॉलीची पानं बघून तेरा वर्षांच्या मुलीसाठी घ्यायचं नाही.

तर सुचवा. आईला मराठीच लागतं, बाबांना इंग्रजी चालतं, भाची फक्त इंग्रजी वाचते.

निळी_शाई

वाखुसा (वाचनखूण साठवली). मीही यादीच्या शोधात आहे.

बाबांसाठी रिचर्ड ऑस्मनचा ‘थर्सडे मर्डर क्लब’ डोळे मिटून घे. केंटमधल्या एका आलिशान वृद्धनिवासात चार म्हातारे दर गुरुवारी जमून पोलिसांच्या जुन्या, न उलगडलेल्या केसेस चघळतात आणि मग खराखुरा खून होतो. त्यातल्या जॉइसची डायरी वाचताना मी एकटी खिदळत होते. २०२० मध्ये आलं, त्यानंतर अख्खी मालिका झाली. नणंदेलाही तेच दे, दोघांना मिळून बोलायला विषय होईल.

खवट_आजोबा

खून आणि ‘निर्मळ वाचन’! चालू द्या.

आमच्या गिरगावात सुट्टी लागली की बाबूराव अर्नाळकर. हजारावर रहस्यकथा लिहिल्या त्या माणसाने. झुंजार, काळापहाड, धनंजय. सर्क्युलेटिंग लायब्ररीवाला पुस्तकाचे रोजचे भाडे लावायचा, म्हणून आम्ही तिघे भाऊ एकच पुस्तक एका दिवसात फिरवायचो. तळघरे, वेषांतर, पिस्तुले, सगळे होते. पण वाचून कोणी बिघडले नाही आणि कोणाची झोपही गेली नाही. ते कोझी की काय ते आहे का हे तुम्ही ठरवा.

टीपकागद

आजोबा, ते कोझी नाही, पण आईंसाठी तुमची सूचना चांगली आहे. त्या पिढीतल्या वाचकांना अर्नाळकर हातात दिला की आधी वास घेतात आणि मग वाचतात.

मी डोंबिवलीत एका छोट्या वाचनालयात संध्याकाळी बसते. रहस्यकथांच्या कपाटापुढे कोण काय उचलतं हे बघून जे कळलंय ते लिहिते.

सत्तरीपुढच्या बायका रहस्यकथा मागतात तेव्हा त्यांना मुख्यतः माणसं हवी असतात. घर, नाती, कोण कुणाशी बोलत नाही, मृत्युपत्र कुणाच्या नावावर. त्यामुळे अगाथा ख्रिस्ती मराठीतही टिकून आहे. मधुकर तोरडमलांनी (हो, नाटकवाले प्रा. तोरडमलच) तिचे बरेच अनुवाद केलेत. भाषा नाटकवाल्याची, संवाद पळतात. आईंना ते नक्की आवडतील.

दुसरी गोष्ट टाइपाची. भेट देताना कथानक बघतो आणि अक्षराचा आकार विसरतो. स्वस्त आवृत्त्यांतला बारीक टाइप आणि पिवळट कागद साठीनंतर त्रास देतो. इंग्रजीत लार्ज प्रिंट आवृत्त्या मिळतात, बाबांसाठी त्या बघ. मराठीत तसं फारसं नाही, तिथे स्टोरीटेलवर ऐकायची सोय करून देणं बरं.

आणि तिसरं, मालिकेतला क्रम. मिस मार्पल कुठूनही उचला, काही बिघडत नाही. ऑस्मन मात्र पहिल्यापासूनच द्यायचा, नाहीतर पुढच्या पुस्तकात आधीच्याची भांडी फुटतात.

अर्धा_किलो_चिवडा

ख्रिस्तीची ती गावातल्या डॉक्टरने सांगितलेली गोष्ट घ्या ना, तीत खुनी शेवटी [संपादित] निघतो तेव्हा मी अक्षरशः पुस्तक खाली ठेवलं!!

*(संपादक: खुन्याचं नाव काढलं आहे. ही कादंबरी १९२६ची असली तरी नवे वाचक रोज जन्माला येतात. कृपया काळजी घ्यावी.)*

खवट_आजोबा

आमच्या वाचनालयात एक इसम पहिल्याच पानावर पेन्सिलीने खुनी कोण ते लिहून ठेवायचा. शेवटपर्यंत सापडला नाही. तो खरा गुन्हेगार.

नॉर्वेकर

तुम्ही नाताळात वाचता, आमच्याकडे ओस्लोत खुनाचा सीझन ईस्टरला. चेष्टा नाही. त्याला पोस्केक्रिम म्हणतात, म्हणजे ईस्टरचं क्राइम. लोक डोंगरातल्या लाकडी घरात जातात, दिवसभर स्की, संध्याकाळी शेकोटी, संत्री, क्विक लुन्श नावाचं चॉकलेट आणि खुनाचं पुस्तक.

सुरुवातीचा किस्सा तर पुस्तकापेक्षा भारी आहे. १९२३ साली नुर्डाल ग्रिग आणि निल्स ली या दोन तरुणांनी पैशांसाठी टोपणनावाने रेल्वेदरोड्यावर कादंबरी लिहिली. ग्रिगचा भाऊ प्रकाशनसंस्थेत मोठ्या जागेवर. त्याने आफ्टनपोस्टन या दैनिकाच्या पहिल्या पानावर पुस्तकाचं नाव बातमीच्या मथळ्यासारखं छापून आणलं: ‘बर्गनची गाडी काल रात्री लुटली’. ती सुट्टीची गर्दी असलेली गाडी. ज्यांची माणसं त्या गाडीत होती त्यांची घाबरगुंडी उडाली. पुस्तक धडाधड खपलं आणि ईस्टरला क्राइम वाचायची प्रथाच पडली. आता तर ईस्टरच्या आठवड्यात दुधाच्या खोक्यावरही छोटी रहस्यचित्रकथा छापतात. सकाळी कॉफीत दूध घालता घालता खुनी ओळखायचा.

पोस्केक्रिम सगळं कोझी नसतं हेही सांगतो. इकडच्या लेखकांचा हात बराच जड आहे. तुमच्या पाहुण्यांना नॉर्डिक काही देऊ नका.

फार्मसी_वाला

मी औषधनिर्माता, माझा या धाग्यात रस विषापुरता. :)

पहिल्या महायुद्धात ख्रिस्ती टॉर्कीच्या इस्पितळात औषधं बनवायच्या विभागात काम करत होती, १९१७ मध्ये तिने त्याची परीक्षाही दिली. तिच्या गोष्टींत पिस्तुलापेक्षा बाटली जास्त का दिसते याचं उत्तर तिथे आहे. १९२०च्या पहिल्याच कादंबरीतला विषप्रयोग इतका बिनचूक होता की फार्मास्युटिकल जर्नलमध्ये त्याचं कौतुक आलं. आजही तो भाग वाचताना मला चूक काढता येत नाही.

१९७७ साली लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलात कतारहून आणलेलं एक लहान मूल होतं, डॉक्टरांना निदान होत नव्हतं. तिथली नर्स त्या वेळी ख्रिस्तीची एक कादंबरी वाचत होती. केस गळणं, बाकीची लक्षणं, सगळं तिला तिथलंच वाटलं. तिने सांगितलं, थॅलियम तपासा. तेच निघालं आणि मूल वाचलं. कादंबरीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, संपादक बसलेत.

कोझीत विष चालतं त्याचं माझ्या मते साधं कारण आहे. विष घालायला घरात ये-जा लागते. चहा कोण करतो, साखर कोण घेत नाही, झोपेची पुडी कोण देतं. म्हणजे संशय आपोआप घरातल्यांवर येतो, आणि चिरफाड न दाखवता गोष्ट पुढे जाते.

तिरकस

एक विचारू का? एका मोठ्या हवेलीत श्रीमंत लोक जमणार, एक मरणार, बाकीचे चहा पिणार. मोलकरणीने काहीतरी पाहिलेलं असणार, ती ते वेळेवर सांगणार नाही आणि अर्ध्या पुस्तकात तिचा नंबर लागणार. तिच्यासाठी कुणी रडत नाही, सगळे पुढच्या सुगाव्याला लागतात. हे ‘उबदार’ कुणासाठी? आपल्याकडच्या बंगल्यातली अशी गोष्ट कामवालीच्या बाजूने वाचून बघा.

शेवगा_मसाला

तिरकस, आक्षेप मान्य, बऱ्याच पुस्तकांना लागू. पण मार्पल त्यातून थोडी सुटते. ती अनाथाश्रमातल्या पोरींना घरी ठेवून घरकाम शिकवते, आणि तशाच एका पोरीचा खून झाल्यावर ती आपणहून, चिडून, गाडी पकडून त्या घरात येऊन बसते. मालक मेला म्हणून नाही, ती पोर मेली म्हणून. त्या कादंबरीचं शेवटचं पान मला आजही हलवतं.

जुन्या पुस्तकांत आणखीही कचरा आहे. बेटावरच्या दहा माणसांची ती प्रसिद्ध कादंबरी १९३९ मध्ये ज्या नावाने निघाली ते आज तोंडातूनही काढवत नाही, आणि ब्रिटनमध्ये ते नाव १९८०च्या दशकापर्यंत छापलं जात होतं. इथल्या चॅरिटी दुकानांत जुन्या प्रती अजून सापडतात. भेट द्यायची तर नवी आवृत्ती घ्या.

निळी_शाई, ऑस्मन बाबांसाठी पक्का. नणंदेचं जरा अवघड आहे. माझे सासरे गेल्या वर्षी गेले. शेवटी शेवटी ते तिलाच ओळखत नव्हते.

टीपकागद

मग तिला ऑस्मन नको. विनोदी आहे म्हणून आपण देतो, पण त्यात एका मुख्य पात्राच्या नवऱ्याला स्मृतिभ्रंश आहे, तो धागा पहिल्या पुस्तकापासून आहे आणि चौथ्यात फार जड होतो. काही जणांना असं वाचून मोकळं वाटतं हे खरं. पण ते त्यांनी स्वतः उचललं तर. सणाच्या दिवशी कागदात गुंडाळून हातात द्यायचं ते पुस्तक नव्हे.

तिला अलेक्झांडर मॅकॉल स्मिथ दे. बोत्सवानातल्या गॅबरोनीत मा रामोत्स्वे नावाची बाई वडिलांनी मागे ठेवलेली गुरं विकून लेडीज डिटेक्टिव्ह एजन्सी काढते. पहिलं पुस्तक १९९८चं. तिच्याकडे येणाऱ्या केसेस म्हणजे हरवलेला नवरा, वडील म्हणून घरात शिरलेला भामटा, सोळा वर्षांच्या पोरीवर नजर ठेवा म्हणणारा बाप. खून जवळजवळ नाहीच. वडिलांबद्दल त्यात पुष्कळ आहे, पण ते मायेने. मी हे पुस्तक दुखवट्याच्या घरात नेऊन दिलेलं आहे.

निळी_शाई

टीपकागद ताई, बरं झालं सांगितलंत. आता कळलं माझी मावशी पुस्तक मिळाल्यावर गप्प का झाली होती.

माटुंगा_रोड

भाचीसाठी फेलूदा! सत्यजित राय ‘संदेश’ या मुलांच्या मासिकात १९६५पासून हे लिहीत होते, त्यामुळे मोठ्यांचे विषय त्यांनी ठरवूनच बाहेर ठेवले. इंग्रजी अनुवाद सहज मिळतात. मराठीत अशोक जैनांनी केलेला संच रोहन प्रकाशनाचा आहे, तो आईलाही चालेल. एक गोष्ट मूर्तिचोरांच्या मागावर थेट वेरूळच्या लेण्यांत येते, एक मुंबईत घडते. फेलूदाचा लेखकमित्र जटायू, त्याची इंग्रजीची वाट लावायची हौस बघून तेरा वर्षांचं पोर हसलं नाही तर पैसे परत.

आणि सुट्टी व रहस्य यांचं नातं फक्त गोऱ्यांचं आहे असं समजू नका. फेलूदाच्या कितीतरी कादंबऱ्या ‘देश’च्या पूजा अंकात आल्या. बंगाल्यांचा पूजा अंक तसा आपला दिवाळी अंक. १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा पहिला काढला तेव्हापासून आपण फराळाच्या ताटाशेजारी अंक ठेवून वाचतोच आहोत. ‘नवल’ आणि ‘धनंजय’ तर गूढ आणि रहस्यावरच उभे. शेवगा, आई येताना बॅगेत दोन अंक टाकायला सांग, चकलीच्या डब्यापेक्षा हलके.

चकलीभाजणी

दिवाळी अंकांना +१. पण ‘धनंजय’ कोझी नाही हं, त्यातल्या काही भयकथा वाचून मी न्हाणीघरात जायला नवऱ्याला उठवलंय.

मुंबईच चालत असेल तर सुजाता मॅसीची परवीन मिस्त्री मालिका बघा. १९२१ची मुंबई, पारशी वकील मुलगी, मलबार हिलवर पडद्यात राहणाऱ्या तीन विधवा. पुरुष वकिलाला आत जाताच येत नाही, म्हणून हीच केस हाताळू शकते. ही कल्पना कॉर्नेलिया सोराबजींवरून घेतलीय, त्या आपल्या नाशिकला जन्मलेल्या आणि ऑक्सफर्डमध्ये कायदा शिकलेल्या पहिल्या बाई. पहिल्या पुस्तकाला अगाथा पुरस्कार मिळाला. त्या पुरस्काराचं सन्मानचिन्ह म्हणून चक्क चहाची किटली देतात! तेरा वर्षांच्या मुलीला मात्र नको, परवीनच्या लग्नाचा भाग क्लेशकारक आहे.

खवट_आजोबा

तुम्ही दर पुस्तकाला ‘पण’ लावताय. मुलीच्या हातात द्या, तिचे ती बघेल. आम्ही अकराव्या वर्षी काय काय वाचले ते आमच्या आईला कळले असते तर!

वाचूदेतिला

आजोबा, वाचायला कुणाचीच ना नाही. फक्त तुम्ही चोरून वाचलंत, हे मामी स्वतः हातात देणार आहे. दोन्हींत फरक आहे. चोरून वाचायची मजा भाचीची भाचीला राहू दे.

माझी लेक त्याच वयाची. तिला शेरलॉक होम्सची निळ्या माणकाची गोष्ट फार आवडली. नाताळ नुकताच झालाय, एक हॅट आणि एक बदक सापडतं, आणि बदकाच्या पोटात चोरीचा हिरा. खून नाही. होम्स नुसत्या हॅटवरून माणसाची बायको त्याच्यावर रुसलीय इथपर्यंत सांगतो. आणि शेवटी सणाचे दिवस म्हणून तो जे करतो ते पोलिसांनी कधीच केलं नसतं. एका बैठकीत संपते, घरात मोठ्याने वाचायला उत्तम.

तिरकस

वाचूदेतिला, निळं माणिक की हिरा? आणि ते बदक नाही, हंस. :D

वाचूदेतिला

मूळ दगड कार्बंकल, म्हणजे एरवी लालच असतो, डॉयलने निळा केला. पक्षी तो कलहंस. नाताळला इथे त्याचं काय होतं हे बघता मी बदक म्हणून त्याचा मान राखला.

फार्मसी_वाला

मोठ्याने वाचायचंच असेल तर ख्रिस्तीच्या १९६०च्या संग्रहातली ख्रिसमस पुडिंगची गोष्ट घ्या. पॉयरोला खेडेगावातल्या जुन्या घरात नाताळ ‘अनुभवायला’ पाठवतात, आणि त्याला थंडीचीच भीती, म्हणून सेंट्रल हीटिंग आहे कळल्यावरच कबूल होतो. खरं काम चोरीला गेलेल्या माणकाचं. घरातली पोरं त्याची गंमत करायला खोटा खून रचतात. प्रस्तावनेत बाईंनी लहानपणी बहिणीच्या सासरी, अ‍ॅब्नी हॉलला, नाताळात किती हादडायचो त्याची यादी दिलीय. ती वाचूनच भूक लागते. मूळच्या रक्तरंजित मागणीवाल्या जेम्सरावांचंच ते घराणं!

शेवगा_मसाला

कलहंसासकट सगळ्यांचे आभार. ठरलं असं:

आईला तोरडमलांचे दोन अनुवाद (भाऊ ठाण्यातून घेऊन तिच्याच बॅगेत टाकणार, तिला न सांगता). बाबांना ऑस्मन, लार्ज प्रिंट. नणंदेला मा रामोत्स्वे. भाचीला फेलूदा इंग्रजीत. पुडिंगची गोष्ट २४च्या रात्री मोठ्याने वाचणार, पॉयरोचा आवाज बाबा काढतील.

माझ्यासाठी मी ‘मिस्टरी इन व्हाइट’ घेतलंय, जेफरसन फार्जनची १९३७ची कादंबरी. बर्फात अडकलेल्या गाडीतून उतरलेले प्रवासी एका रिकाम्या घरात शिरतात, तर तिथे शेकोटी पेटलेली आणि चहा मांडलेला. सगळे हिला विसरले होते. २०१४ मध्ये ब्रिटिश लायब्ररीने पुन्हा छापली आणि त्या नाताळात दुकानांत पुरेना. कुणी वाचली असेल तर शेवटाबद्दल एक अक्षर बोलू नका.

टीपकागद

छान. आईंच्या पुस्तकाची पहिली पानं भावाला चाळून बघायला सांग. जुनी प्रत असली तर आजोबांचा पेन्सिलवाला तिथेही पोचलेला असायचा.

निळी_शाई

‘मिस्टरी इन व्हाइट’ झालं की मला पाठव गं, पोस्टाचे पैसे मी देते. जानेवारी इथे मँचेस्टरला त्याहून वाईट असतो.